कुंदाताई हाय हाय

कुंदाताईंना माइकची काहीएक गरज नव्हती, हे शेठ सोडून आमच्या सगळ्या गोडाउनला ठाऊक होतं. शेठनी हौसेनं माइक आणला, चार कोपऱ्यांत चार भोंगे लावले आणि पत्र्याच्या त्या अफाट शेडमध्ये गाड्या पुकारायचं काम कुंदाताईंकडे दिलं. पहिल्याच दिवशी ताईंनी ‘हॅलो’ म्हटलं आणि छताच्या कैचीवर बसणारी कबुतरं उडून शेजारच्या गोडाउनात गेली, ती तिकडचीच झाली. पुढं माइक ताईंच्या हातात असायचा खरा, पण तो चालू आहे की बंद याची चौकशी कधी कुणी केली नाही.

भिवंडीच्या बाहेर, माणकोलीकडे, जिथं पूर्वी भातखाचरं होती तिथं आता गोडाउनं आहेत. तुम्ही घरबसल्या मोबाइलवर बोट टेकवून जे काही मागवता, ते एखादा मुक्काम आमच्याकडे करूनच तुमच्या दारात येतं. मी तिथं बिलिंगला होतो. माझ्या टेबलाला लागून कुंदाताईंचं टेबल. त्या दिघाशीच्या. घरची थोडी भातशेती, ती यजमान बघायचे. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. रोज सकाळी अंबाडी नाक्यावर येऊन मिळेल ती गाडी पकडायची आणि वाटेत काय काय पाहिलं ते गोडाउनच्या दारापासूनच सांगत आत यायचं, हा त्यांचा शिरस्ता. तरुणपणी त्या भिवंडीत एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होत्या. चालू लूममध्ये शेजारणीकडे पाणी मागायचं तरी छातीतून आवाज काढावा लागतो. लूम सुटले, आवाज राहिला. घरात मीठ मागितलं तरी शेजारची बाई वाटी घेऊन येते, असं त्यांचे यजमान मला एकदा म्हणाले होते, आणि तेही बिचारे अगदी हळू.

ताई माणसाला त्याच्या कामावरून हाक मारायच्या. मी ‘बिलवाल्या’. आमचा वॉचमन ‘फाटक’, आणि त्याचं आडनाव खरोखर फाटक असेल अशी माझी दोन वर्षं समजूत होती. ड्रायव्हर लोकांना गाडीचा नंबर. ही माणसं आझमगडची, जौनपूरची, मधुबनीची. त्यांच्याशी ताई हिंदीत बोलत, म्हणजे आपण हिंदीत बोलतो आहोत असं त्या समजत. “ओ पचपनवाले, गाडी जरा मागं लेव ना, कवाधरनं आडवी घातलीय!” पचपनवाल्याला ते बरोबर समजायचं. तो गाडी मागं घ्यायचा आणि खिडकीतून हात काढून सलाम करायचा.

हा पचपनवाला म्हणजे इद्रीस. आझमगडकडचा, सडपातळ, लाजरा माणूस. एकदा माल उतरेपर्यंत तो केबिनमध्ये झोपला होता आणि ऑफिसच्या फोनवर त्याच्या घरून फोन आला. ताईंनी तो घेतला, पलीकडचं दोनदा वदवून घेतलं आणि माइक उचलला. “पचपनवाले इद्रीसभाई, उठो! आप बाप बन गये हो! मुलगी हाय! दोनो की तबियत चांगली हाय! मिठाई लेके एक नंबर गेट पे आव!” सगळी लोडिंग थांबली. हमालांनी खोकी खाली ठेवली. इद्रीस केबिनमधून उतरला तो एका पायात चप्पल घालून, आणि त्या पलीकडच्या गेटापर्यंत पोचेस्तोवर शे-दोनशे माणसांनी त्याच्या पाठीवर थाप मारली असेल. त्याच्या पोरीचं नाव काय ठेवलं हेही आम्हाला पुढं माइकवरूनच कळलं.

मी हे सांगतोय ते उगाच नाही. ताईंच्या लेखी गाडी पुकारणं आणि माणसाशी बोलणं ही दोन कामं नव्हतीच. कुणाचा डबा राहिला, कुणाला ताप आहे, वाड्याच्या रस्त्याला कुठं खड्डा पडलाय, आज कुणी जेवलेलं नाही, हे सगळं त्या भोंग्यातून यायचं आणि त्यातच कुठंतरी गेटचा नंबर असायचा. मी तेव्हा कपाळाला हात लावायचो. आकडेमोड करताना कानाशी हा कीर्तनाचा थाट. “ताई, जरा हळू,” म्हटलं की त्या म्हणत, “तुझं बिल काय आयकून चुकतंय व्हय रं?” आणि खरंच चुकायचं.

मग शेठनी गोडाउन एका मोठ्या ऑनलाइन कंपनीला भाड्यानं दिलं. माणसं तीच, कपडे बदलले. आम्हाला गळ्यात पट्टे आले. निखिल नावाचे तरुण मॅनेजर आले, नाशिकचे. माणूस सरळ, हसरा, कुणाचं वाईट न चिंतणारा. त्यांनी पहिल्या आठवड्यात भोंगे उतरवले. कारण त्यांचं बरोबर होतं: बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं. यापुढं सगळं काम व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. गाडी आली, लागली, भरली, सुटली, सगळं ग्रुपवर. कुंदाताईंना कंपनीचा फोन मिळाला आणि ‘को-ऑर्डिनेटर’ असं पद मिळालं. पद त्यांना आवडलं. ते त्यांनी दिघाशीत सगळ्यांना सांगितलं, फक्त दर वेळी थोडं वेगळं सांगितलं.

टाइप करणं त्यांच्या बोटांना जमेना, पण त्या खाली दाबून धरायच्या माइकच्या चित्राचा शोध त्यांना दुसऱ्याच दिवशी लागला. मग काय विचारता! ग्रुपवर एकेक व्हॉइस मेसेज पडू लागला, पाव-पाव तासाचा वाटावा असा. त्यात आधी अंबाडीचा बाजार, मग गणेशपुरीच्या एस.टी.त कंडक्टरशी झालेली हुज्जत, मग शेतात घुसलेली कुणाची तरी म्हैस, आणि शेवटी कुठंतरी, “आनी त्या अठ्ठ्याऐंशीला सांगा, चार नंबरला लाव.” ड्रायव्हर सगळा मेसेज ऐकायचे, कारण गेटचा नंबर कुठं येईल याचा नेम नव्हता. गाड्यांच्या रांगेतून चालत गेलं की प्रत्येक केबिनमधून ताईच बोलत असायच्या, कुठं म्हैस, कुठं कंडक्टर.

निखिल सरांनी एकदा समजावलं. “ताई, गेट नंबर सुरुवातीला सांगत जा ना.”

“आदी सांगितला त पुढचं कोन आयकल, सायेब?”

सरांनी हसून तो मेसेज पहिल्यापासून ऐकायला लावला. 

आम्ही इतर मंडळी मात्र झपाट्यानं लिहायला शिकलो. जो तो फुलांच्या चित्रावर सुप्रभात टाकू लागला. समोरासमोर कधी न हसणारा आमचा स्टोअरकीपर ग्रुपवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारी तोंडं टाकू लागला. हेड ऑफिसकडून ‘जेंटल रिमाइंडर’ येऊ लागले. ताईंनी मला विचारलं, “जेंटल म्हंजे काय रं?” मी म्हटलं, “हळूच केलेली आठवण.” त्यांनी तो मेसेज डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. “मंग हळूच सांगाचं त येवढ्या ठळक अक्षरात कशाला लिवलंय?”

आणि मग ते हजेरीचं प्रकरण झालं.

हेड ऑफिस लांब, दिल्लीकडे. तिथल्या एक मॅडम रोज सकाळी ग्रुपवर आमची हजेरी घ्यायच्या. कुणी ‘प्रेझेंट’ लिहायचं, कुणी अंगठा टाकायचा. बोललेली हजेरी चालणार नाही, लिहिलेलीच हवी, असा मॅडमचा नियम. ताईंनी दोन अक्षरं घोटून घोटून तयार केली आणि रोज नेमानं टाकू लागल्या: ‘हाय’. आमच्याकडच्या गावांत ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. पण मॅडमना कोण सांगणार? त्यांना वाटलं, बाई रोज सकाळी गोड हाय-हॅलो करतात आणि हजेरी मात्र लावत नाहीत. त्यांनी ताईंची गैरहजेरी मांडली आणि एक दिवस ग्रुपवर लिहिलं, ‘हाय कुंदाजी, कृपया अटेंडन्स लगाइए।’

ताई फोन घेऊन माझ्याकडं आल्या, चेहरा विजयी. “बग, मॅडमनी सवताच लिवलंय. हाय कुंदाजी. हाय म्हंजे हाय! मंग गैरहजर कशी?”

मी त्यांना समजावायच्या आत त्यांनी उत्तर टाकलंसुद्धा. नुसतं ‘हाय’ मॅडमना पुरत नाही असं दिसल्यावर कुणीही करील तेच त्यांनी केलं, जोर देऊन दोनदा लिहिलं: ‘मी हाय हाय’. पॅकिंगच्या बायका तेव्हा अजून ग्रुपवर होत्या, बहुतेक दिघाशी-अंबाडीकडच्याच. आपल्या ताईंचा दिवस बुडतोय म्हटल्यावर त्या साक्षीला धावल्या. एकीनं लिहिलं, ‘कुंदाताई हाय हाय’. दुसरीनं लिहिलं, ‘कुंदाताई हाय हाय’. मग तिसरी, मग चौथी. बघता बघता सगळा पडदा भरला. कुंदाताई हाय हाय, कुंदाताई हाय हाय, वरपासून खालपर्यंत.

निखिल सरांचा फोन वाजला. मॅडम घाबऱ्या आवाजात विचारत होत्या, तिथं संप झालाय का, आणि सगळे लोक त्या कुंदाजींच्या विरोधात घोषणा का देताहेत? त्यांना काढून टाकायची मागणी आहे का? सर फोन कानाला लावून इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. आम्ही सगळेच हसलो. ताईंना अर्थ कळला तेव्हा त्या सगळ्यांत मोठ्यानं हसल्या आणि पुढं आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला मूठ वर करून ‘कुंदाताई’ म्हणायच्या आणि समोरच्याकडून ‘हाय हाय’ म्हणवून घ्यायच्या.

पण आम्ही इथं हसत होतो आणि तिकडं ते कुणीतरी गंभीरपणे नोंदवत होतं. सरांनी मॅडमना सगळं समजावलं, मॅडम हसल्याही म्हणे. तरी पुढच्या महिन्यात नवी पद्धत आली. ग्रुप बंद. त्या जागी कंपनीचं ॲप, आणि त्यात तयार शब्द. कुणी काही विचारलं की खाली तीन उत्तरं उमटायची: ‘ओके’. ‘नोटेड’. ‘थँक यू’. त्यांतलं एक दाबायचं. स्वतःच्या मनानं लिहायचं नाही, व्हॉइस मेसेज तर नाहीच. शिवाय समोरून निरोप आल्यापासून तुम्ही उत्तर देईपर्यंत जो वेळ लागतो तो पडद्यावर दिसायचा. वेळेत असाल तर नावापुढं हिरवा ठिपका, नाही तर लाल.

गैरसमज व्हायला जागाच उरली नाही, हे मान्य करायला हवं. गाड्याही भराभर लागू लागल्या. तक्रार करायला मला तोंड नाही. पण कुंदाताई गप्प झाल्या.

आधी मला ते बरं वाटलं. माझी बिलं चुकेनात. मग पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी दर थोड्या वेळानं डावीकडं बघतो आहे. ताई फोन पुढ्यात ठेवून बसलेल्या असायच्या. ट्रिंग वाजलं की बोट उचलून एक शब्द दाबायच्या आणि बोट पुन्हा जागेवर. हिरवा ठिपका कधी ढळला नाही. वाटेत काय पाहिलं ते सांगत आत येणं थांबलं. मी एकदा मुद्दाम म्हटलं, “ताई, आज अंबाडीला काय विशेष?” त्या म्हणाल्या, “काय न्हाय.” आणि पुन्हा फोनकडं पाहू लागल्या, कारण उत्तर द्यायला उशीर झाला तर ठिपका लाल.

एका दुपारी त्यांनी फोन उलटा ठेवला आणि माझ्याकडं वळल्या. आवाज असा की मला वाकून ऐकावं लागलं. कुंदाताईंचं बोलणं वाकून ऐकायची माझी ती पहिलीच वेळ. “बिलवाल्या, हे नोटेड-फिटेड कोनीबी दाबंल. मी न्हाय दाबलं त ते सवताच दाबंल उद्या. मना सांग, मंग मी हितं हाय कशाला?” मी काहीतरी थातूरमातूर बोललो. नोकरी आहे, बसायचं काम आहे, या वयात बरं आहे, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना नोकरीची चिंता नव्हती, आणि मी नोकरीबद्दलच बोलत राहिलो.

थोड्याच दिवसांनी ऑफिसच्या फोनवर पुन्हा इद्रीसच्या घरून फोन आला. त्याची गाडी नुकतीच आवारात शिरली होती आणि त्याचा मोबाइल लागत नव्हता. ताईंनी फोन घेतला. या वेळी पलीकडचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फोन ठेवून त्यांनी मला एवढंच सांगितलं. इद्रीसची आई गेली होती.

पुढ्यातल्या फोनवर ट्रिंग वाजलं. ताईंनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि त्या उन्हात बाहेर पडल्या. आवारात तेव्हा गाड्यांची ही रांग. कुठली कुठं आहे ते फक्त ॲपला ठाऊक, आणि ॲप तर त्या टेबलावर ठेवून गेलेल्या. मी खिडकीतून बघत होतो. एकेका गाडीचा नंबर बघत त्या चालल्या होत्या. हाक मारली असती तर पहिल्याच हाकेला इद्रीस उतरला असता, भोंग्याशिवाय. पण त्यांनी हाक मारली नाही. शेवटी अगदी कुंपणाजवळ त्या एका गाडीशी थांबल्या, दार वाजवलं आणि त्याला खाली उतरवून घेतलं. मग गाडीच्या सावलीत त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. बराच वेळ दोघं तिथं बसून होते. इथं टेबलावर ट्रिंग ट्रिंग चालूच होतं आणि ताईंचा ठिपका लाल होऊन लुकलुकत होता. त्यांच्या वतीनं ‘नोटेड’ दाबावं असं माझ्या मनात आलं, पण त्यांचा फोन उघडायला त्यांचाच अंगठा लागत होता.

संध्याकाळी निखिल सरांनी त्यांना बोलावलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

“ताई, एक मेसेज टाकायचात ना मला. मी माणूस पाठवला असता.”

“आसं काय टाइप करतात, सायेब? तुमी तीन बटनं दिलीत. त्यातलं कंचं दाबू सांगा. थँक यू?”

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “मला समजतं हो. पण वरती फक्त लाल ठिपका दिसतो. दोन तास दिसला. मला तुम्हाला या टेबलावर नाही ठेवता येणार.” हे सांगताना त्यांचाच आवाज खाली गेला होता. “पॅकिंगला जागा आहे. काम उभ्यानं आहे. तिथं फोनही नेता येत नाही, गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो.”

“फोन न्हाय?”

“नाही.”

“कोनाकडंच न्हाय?”

“कोणाकडेच नाही.”

“आनी त्या आपल्या बायका हायेत ना?”

“बायका आहेत ना. पन्नासेक असतील.”

“मंग आदी न्हाय सांगाचं, सायेब?” कुंदाताई म्हणाल्या. हा आवाज मी ओळखला. ऑफिसातल्या सगळ्यांनी ओळखला, कारण सगळ्यांनी माना वर केल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पॅकिंगला गेल्या. माझ्या शेजारचं टेबल रिकामं झालं आणि महिन्याभरात उचलून नेलं. पॅकिंगचा हॉल इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, जाड काचेच्या आत, आणि त्याचं दार फक्त तिथल्यांच्या कार्डानं उघडतं. त्यांची शिफ्ट वेगळी, येण्याजाण्याची बस वेगळी. एकाच छपराखाली असून आमची गाठ पडेनाशी झाली. मी सणासुदीला मेसेज टाकायचो. रात्री कधीतरी उत्तर यायचं, जोडलेले हात आणि एक फूल.

आता मी घरूनच काम करतो. आमचं सगळं बिलिंग कंपनीनं ज्याच्या त्याच्या घरी पाठवून दिलं. दिवसभर कानात हेडफोन, पडद्यावर दहा चौकोनांत दहा चेहरे, आणि दिवसातून एकदा तरी कुणीतरी कुणाला तरी सांगतं, तुमचा आवाज येत नाही. घर शांत आहे, बिलं बरोबर आहेत, आणि मला त्या बाईच्या आवाजाची इतकी आठवण येते की कधीकधी काम थांबवून नुसता बसून राहतो. जेवलास का, एवढं विचारायला तिनं अख्ख्या शेडला सांगावं आणि मी लाजेनं मान खाली घालावी, असं वाटतं. तेव्हा ते कटकट वाटायचं, याचं आता नवल वाटतं.

गोडाउनातल्या माझ्या शेवटच्या दिवशी संगणक जमा करून मी मुद्दाम पॅकिंगकडं गेलो. कार्ड लावून पाहिलं, दार उघडलं नाही. मग काचेला नाक लावून उभा राहिलो. आत लांबच लांब टेबलं, सरकत्या पट्ट्यावरून खोकी चाललेली, आणि मधोमध कुंदाताई, हिरव्या जाकिटात, एका हातात चिकटपट्टी. त्या काहीतरी सांगत होत्या. दुसरा हात हवेत, भुवया वर, मग एकदम कंबरेवर हात ठेवून कुणाची तरी नक्कल. हात न थांबवता आजूबाजूच्या सगळ्या बायका हसत होत्या, एक तर टेबल धरून वाकली होती. काचेच्या अलीकडं मला पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडं गेली. चेहरा केवढा उजळला! त्या टेबल सोडून काचेपर्यंत आल्या. मी खुणेनं सांगितलं, आज शेवटचा दिवस, चाललो. त्यांना ते समजलं. काचेवर तळवा ठेवून त्या काहीतरी बोलल्या. चार-पाच वाक्यं असतील. लूमवर बोलायच्या तशा छातीपासून बोलत होत्या, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. बोलून झाल्यावर उत्तरासाठी थांबल्या.

मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. मी जोरजोरात मान डोलावली. त्यांचं समाधान झालं असावं, कारण डोळे पुसत त्या वळल्या, टेबलाशी गेल्या आणि त्या बायकांना माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगू लागल्या.